न भुंकणारा कुत्रा हवा होता

आमच्या घरात कायम कुणीतरी झोपलेलं असायचं. दिवसा हे, रात्री मी. हे बेकरीत पीठ मळायच्या मशीनवर, कायमच्या रात्रपाळीला. मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत, दिवसपाळीला. सकाळी हे दारातून आत यायचे तेव्हा मी चपला घालत असायची. संध्याकाळी मी आत यायची तेव्हा हे तोंड धूत असायचे. मग तासभर ह्यांचं जेवण आणि माझा चहा एका टेबलावर, तेवढाच काय तो संसार. लेक लहान होती तेव्हा ही व्यवस्था आम्हीच मोठ्या हुशारीनं लावली होती. पाळणाघराची कटकट नको, पोरीजवळ सदैव घरचं माणूस हवं. लेक मोठी झाली, शिकली, नोकरी लागून दुसऱ्या शहरात गेली. व्यवस्था तेवढी मागे राहिली.

असल्या घराचे नियम बाहेरच्याला कळत नाहीत. कपाटाच्या बिजागऱ्यांना वेळच्या वेळी तेल घालायचं. भांडी घासली की खाली फडकं अंथरून त्यावर ठेवायची. दारावरची बेल आम्ही काढूनच टाकली होती. शिंक आली तर उशीत तोंड खुपसायचं. लेक पहिलीत असताना तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं आणि काळजीनं विचारलं, "हिच्या घशाला काही झालंय का? सारखी कुजबुजत बोलते." मी म्हटलं, घसा चांगला आहे, घरात बाबा झोपलेले असतात. हे सांगतानाही मी कुजबुजतच होते म्हणे.

कुत्र्याचं खूळ लेकीचंच. फोनवर म्हणाली, "आई, शेल्टरमधून एखादा कुत्रा आण. संध्याकाळ झाली की तू एकटीच असतेस."

"मला काय धाड भरलीये? सवय आहे मला."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली.

हिचं 'तेच म्हणतेय मी' मला कधीच आवडत नाही. पण ह्यांनी मात्र जेवता जेवता मान डोलावली. "आणू या की. फक्त भुंकणारा नको." मलाही ते पटलं. आमच्यासारख्या घराला न भुंकणाराच कुत्रा हवा, याहून शहाणपणाची गोष्ट दुसरी काय असणार?

शेल्टर शहराच्या टोकाला, जुन्या टायरांच्या गोदामामागे होतं. हे रात्रपाळी करून तसेच आले होते, डोळे लालभडक, कानाच्या पाळीवर पीठ. आत पाऊल टाकलं आणि सगळा गोंधळ अंगावर आला. दोन्ही बाजूंना पिंजरे, प्रत्येक पिंजऱ्यात कुणीतरी जाळीवर उड्या मारतंय, शेपटीसकट सगळं अंग हलवतंय, आम्हाला घ्या म्हणून बोंबलतंय. ती बिचारी सगळी आमच्याकडेच बघत होती. आम्ही दोघं कानांवर हात ठेवून मधल्या वाटेनं चाललो होतो.

रबरी बूट घातलेली एक बाई तिथलं सगळं पाहत होती. तिला म्हटलं, आम्हाला न भुंकणारा हवा. "लोक विचारतात चावतो का, केस गळतात का. हे पहिल्यांदाच ऐकतेय," असं म्हणत तिनं आम्हाला शेवटच्या पिंजऱ्यापाशी नेलं.

तिथे एक तपकिरी कुत्रा भिंतीकडे तोंड करून बसला होता. एक कान अर्धवट फाटलेला. आम्ही आलो तरी त्यानं वळून पाहिलं नाही. बाई म्हणाली, "याला कुणीतरी हमरस्त्याच्या कडेला खांबाला बांधून गेलं होतं. इथे आल्यापासून एकदाही भुंकलेला नाही. पण त्याला वेळ द्यावा लागेल हं. आणि हा असाच राहील, असं मी काही सांगू शकत नाही."

आम्ही फक्त 'भुंकलेला नाही' एवढंच ऐकलं. हे माझ्या कानाशी लागून म्हणाले, "आपल्यातलाच आहे."

निघताना बाईनं पट्टा माझ्या हातात दिला पण सोडला नाही. "नाहीच जमलं तर रस्त्यावर सोडू नका, इथे परत आणा. मी काही बोलणार नाही. पण एक सांगते, परत आलेला कुत्रा आणखी आत जाऊन बसतो. मग त्याला कुणी नेत नाही." मी हो हो म्हटलं. दुकानात वस्तू घेताना म्हणतात तसं.

घरी आल्या आल्या तो वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसला. मशीन आणि भिंत यांच्यामध्ये हात जाईल एवढीच जागा, तिथे हा अख्खा कुत्रा कसा मावला देव जाणे. ह्यांनी त्याला 'पाहुणे' म्हणायला सुरुवात केली. "पाहुणे जेवले का? पाहुण्यांचं पोट बरं आहे ना?" पाहुणे आमच्यासमोर जेवत नसत. पाठ वळली की भांडं रिकामं व्हायचं. भुंकणं सोडा, कण्हणं नाही, गुरगुरणं नाही, चकार आवाज नाही. पहिले काही दिवस आम्ही अगदी खूश होतो. असा गुणी कुत्रा शोधून सापडायचा नाही, असं मी लॉन्ड्रीत सगळ्यांना सांगितलं.

गुण हळूहळू दिसायला लागले. जिन्याची पहिली पायरी पाहिली की तो जमिनीला चिकटायचा, लिफ्टच्या दारापाशीही तेच, मग हा एवढा गडी उचलून खाली न्यायचा आणि उचलून वर आणायचा. खाली त्याला काही करायचं नसे. ते तो वर आल्यावर माझ्या धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर करायचा. दिवसभर जगाच्या चादरी धुवायच्या आणि घरी येऊन कुत्र्यानं भिजवलेल्या! ह्यांचे एकुलते एक चामड्याचे बूट त्यानं खाल्ले. सोफ्याचा पाय निम्मा झाला. माझ्या चष्म्याची एक दांडी गेली. आणि हे सगळं कसं, तर नियमात राहून, जराही आवाज न करता. कुणाचीही झोपमोड नाही.

डॉक्टर झाले. कानात पू होता, पोटात जंत होते, गोळ्या होत्या. गोळी ब्रेडच्या तुकड्यात लपवून द्यायची, म्हणजे तो ब्रेड खाऊन गोळी स्वच्छ चाटून परत ठेवायचा. माझ्या नाकी नऊ आले. कामावरून थकून यावं, आणि घरात एक जीव मशीनमागून आपल्याकडे अशा नजरेनं बघतोय की जणू मीच त्याला खांबाला बांधून आले. लेक फोनवर म्हणायची, "आई, त्याला वेळ दे." मी म्हणायची, "माझ्याकडे असेल तर देईन ना!"

ह्यांची तऱ्हा वेगळी होती. सकाळी आले की पिठाचे कपडे न बदलता मशीनसमोर फरशीवर आडवे व्हायचे. बोलायचे नाहीत, हात पुढे करायचे नाहीत, नुसते पडायचे, आणि पाठ दुखायला लागली की उठून पलंगावर जायचे. मला वाटायचं, एका घरात दोन मुके झाले. एका संध्याकाळी मी कुलूप उघडून आत आले तर हे पलंगावर गाढ झोपलेले आणि पलंगाखाली ह्यांच्या पिठानं माखलेल्या शर्टावर पाहुणे गाढ झोपलेले, चारी पाय वर. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून दारात उभी राहिले. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर तो मशीनमागून निघाला. आधी टेबलाखाली, मग सोफ्याजवळ, मग माझ्या पायाशी. जिना उतरायला लागला. ह्यांच्या हातून गोळी खायला लागला. आणि एका संध्याकाळी, हे कामावर गेल्यावर, समोरच्या दारातल्या म्हाताऱ्यांच्या हातून किल्ल्या फरशीवर पडल्या. समोरचे म्हातारबुवा म्हणजे निवृत्त पोस्टमन. किल्ल्या खणकन वाजल्या आणि आमच्या पाहुण्यांच्या तोंडून एक 'भो' निघाला. फक्त एक. तो स्वतःच इतका दचकला की हे कोण बोललं म्हणून मागे वळून बघायला लागला.

मी बेकरीत फोन लावला. इतक्या वर्षांत मी तिथे कधी फोन केला नव्हता, त्यामुळे मुकादमाच्या पाचावर धारण बसली. त्यानं ह्यांना मशीन बंद करून फोनवर आणलं.

"काय झालं? लेकीला काही झालं का?"

"भुंकला!"

"कोण?"

"कोण काय? पाहुणे!"

पलीकडे हे जोरात हसले. बेकरीत ह्यांना मोठ्यानं हसता येत होतं. ह्यांचं हसू असं असतं हे मी विसरूनच गेले होते, आणि त्याचं मला जरा वाईट वाटलं. पण तेवढ्यात पाहुण्यांनी दुसरा 'भो' केला आणि ते राहून गेलं.

एकदा तोंड उघडल्यावर त्यानं इतक्या दिवसांचा हिशोब चुकता केला. लिफ्टचा आवाज आला, भुंक. वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली, भुंक. कबुतर बसलं, भुंक. कबुतर उडालं, भुंक. आणि हे सगळं दिवसा, कारण सगळं जग दिवसाच खुर्च्या सरकवतं. डॉक्टर म्हणाले, "छान झालं! घाबरलेला कुत्रा भुंकत नाही. तो आता घर राखतोय, त्याला हे घर आपलं वाटायला लागलंय." मी म्हटलं, "डॉक्टर, त्याला जरा कमी आपलं वाटेल असं काही औषध आहे का?"

ह्यांच्या डोळ्याला डोळा लागेना. कानात कापूस घातला, जाड पडदे लावले, दिवसभर पंखा मोठा केला. पाहुण्यांना बाथरूममध्ये ठेवलं तर तिथे आवाज दुप्पट घुमायचा. हे काही दिवस बेकरीच्या कोठारात पिठाच्या पोत्यांवर झोपले, तर ह्यांची वाट बघत त्यानं दार ओरबाडून काढलं. मी त्याला शांत करा म्हटलं तर हे म्हणायचे, "बोलू दे गं. बरा झालाय तो." म्हणायचे आणि भिंतीला टेकून उभ्या उभ्या डुलक्या घ्यायचे.

मग एका सकाळी हे हाताला पट्टी बांधून आले. भट्टीतून ट्रे काढताना डोळा लागला आणि कोपरापर्यंतचा हात तापल्या लोखंडाला टेकला. "थोडंसं भाजलंय," ह्यांनी सांगितलं. मुकादमानं फोनवर मला खरं सांगितलं. भट्टी परवडली वहिनी, म्हणाला, पीठ मळायच्या मशीनवर डोळा लागला तर हात परत मिळत नाही.

मी कामावरून रजा काढली आणि घरी बसून पाहुण्यांना शिकवायला घेतलं. वर्तमानपत्राची गुंडाळी केली. त्यानं तोंड उघडलं की ती त्याच्या पुढ्यात फरशीवर आपटायची आणि दात आवळून म्हणायचं, "चूप!" मी त्याला मारलं नाही, एकदाही नाही. मारावं लागलंच नाही. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तो निम्मा गप्प झाला. दुसऱ्या दिवशी मी गुंडाळी नुसती उचलली तरी पुरे. मला वाटलं किती हुशार आहे. मग लक्षात आलं, त्याला हे कुणीतरी आधीच शिकवून ठेवलं होतं. मी फक्त आठवण करून दिली.

हे कामावरून आले की सरळ पलंगावर पडून मेल्यासारखे झोपायचे. त्या आठवड्यात घर पुन्हा आमचं घर झालं. पाहुणे मशीनच्या मागे. जेवणाचं भांडं भरलेलं, पाठ वळवली तरी भरलेलंच. बाहेर किल्ल्या पडल्या, लिफ्ट आली, कबुतरं आली. मी मशीनच्या कडेनं डोकावले तर तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी त्याला हाक मारली. त्याचा फाटका कान हलला, पण तो वळला नाही.

मी फरशीवर बसून विचार केला, आणि माझ्या मते तो सरळ होता. भुंकला तर ह्यांचा हात जाणार, गप्प राहिला तर तो जाणार. आमच्या घरात या कुत्र्याला जागा नाही. मी शेल्टरला फोन केला. रबरी बुटांची बाई म्हणाल्याप्रमाणे काही बोलली नाही. रविवारी आणा, म्हणाली.

संध्याकाळी हे उठले. चेहरा तजेलदार, खूप दिवसांनी. टेबलाशी बसले आणि म्हणाले, "पाहुणे कुठायत?" मी मशीनकडे बोट दाखवलं. हे उठून तिकडे गेले, सवयीप्रमाणे फरशीवर आडवे झाले. बराच वेळ झाला. चहा गार झाला. मग हे उठून आले आणि समोर बसले.

"काय केलंस त्याला?"

"गप्प केलं. तुम्हाला झोप हवी होती ना? झोपलात ना?"

"झोपलो." हे ताटाकडे बघत राहिले, जेवले नाहीत.

"रविवारी मी त्याला परत नेऊन सोडणार आहे. फोन केलाय."

"परत?" ह्यांनी मान वर केली. "अगं, तिथे तो भिंतीकडे तोंड करून बसेल."

"आणि इथे काय करतोय?"

"इथे भुंकत होता."

"तो भुंकत होता आणि तुम्ही भाजून घेत होतात! उद्या हात गेला म्हणजे काय करू मी? तुमचा हात घेऊन बसू का पाहुण्यांचं कौतुक करत?"

"आवाज कमी कर," हे म्हणाले.

इतक्या वर्षांत ह्यांनी मला हे हजारदा सांगितलं असेल, मीही ह्यांना सांगितलं असेल. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी खुर्ची मागे ढकलून उभी राहिले. खुर्ची पडली.

"का? कोण झोपलंय? सांगा ना, कोण झोपलंय आत्ता या घरात?"

ह्यांनी खरंच पलंगाकडे वळून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"रात्रपाळी, रात्रपाळी!" मी ओरडत होते. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं. "पोरगी घर सोडून गेली, आता कुणासाठी चाललीये ही रात्रपाळी? जगात दुसऱ्या पाळ्या नाहीत? कधी तोंड उघडून विचारलंत त्या मुकादमाला?"

"त्यानंच मला विचारलं होतं," हे म्हणाले.

"काय?"

"लेक गेली त्याच महिन्यात. म्हणाला, दिवसाला ये, ब्रेड कापायच्या आणि भरायच्या कामावर. मी नको म्हटलं." ह्यांचाही आवाज चढला होता. "मग परत एकदा विचारलं त्यानं. परत नको म्हटलं."

"का?"

"तुला सवय झालीये! संध्याकाळी तू घरात येतेस, तेव्हा मी कधी एकदा निघतोय असं बघतेस. मी दारात बूट घालतो तेव्हा तू खुर्ची खिडकीशी ओढतेस. मी बाहेर पडायच्या आत! घरात राहून काय करणार होतो मी? तुझ्यासमोर बसून राहणार होतो?"

"मला विचारलंत? एकदा तरी विचारलंत मला?"

"तू विचारलंस?"

"मी कशाला विचारू? मला वाटलं तुम्हालाच तिकडे बरं वाटतं! तिकडे तुम्ही मोठ्यानं हसता!"

असं आम्ही किती वेळ भांडलो कोण जाणे. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि पूर्ण आवाजात भांडायची ही पहिलीच वेळ. आतापर्यंतची सगळी भांडणं कुजबुजत झालेली, आणि कुजबुजत भांडलं की माणूस मध्येच कंटाळून सोडून देतो. त्या दिवशी घसा खरवडेपर्यंत भांडलो. मी रडत होते आणि ओरडत होते. ह्यांनी टेबलावर मूठ आपटली, तीही भाजलेल्या हाताची, आणि कळवळून 'आई गं' म्हणाले.

तेव्हा मशीनच्या मागून आवाज आला. घशात अडकलेला, फाटका, एकच. मग दुसरा. मग पाहुणे बाहेर आले, स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, पाठीवरचे केस ताठ, शेपटी पायांत, अंग थरथरतंय. आणि आमच्या दोघांवर भुंकायला लागले. एकदा ह्यांच्यावर, एकदा माझ्यावर. आम्ही दोघंही गप्प झालो. त्याला 'चूप' म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

दारावर थापा पडल्या. समोरचे पोस्टमन होते. "सगळं ठीक आहे ना? बाईंच्या घरात कुणी शिरलं की काय म्हणून..." त्यांनी ह्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "अरे, तुम्ही? तुम्ही सकाळी ब्रेड टाकायला येता ना?"

"मी इथेच राहतो," हे म्हणाले.

"बाईंच्या घरी?"

"माझ्या घरी. मी ह्यांचा नवरा."

म्हातारबुवा आळीपाळीनं आम्हा तिघांकडे बघत राहिले. "असं होय," म्हणाले. "मला वाटायचं बाई एकट्याच राहतात." आणि गेले. मला हसू यायला हवं होतं. पण तो माणूस इतकी वर्षं समोर राहतो, डोळे शाबूत आहेत, आणि त्याला आमच्या घरात संसार दिसला नव्हता. मी खुर्ची उचलून सरळ केली आणि तिच्यावर बसले.

हे त्या दिवशी कामावर गेले नाहीत. ह्यांनी मुकादमाला फोन करून दिवसपाळी मागितली. मी शेल्टरला फोन केला, तेव्हा पाहुणे माझ्या मागे भुंकत होते आणि बाईच्या मागे सगळं शेल्टर भुंकत होतं. तिनं विचारलं, "हा आवाज माझ्याकडचा की तुमच्याकडचा?" मी म्हटलं, "यातला एक आमच्याकडचा आहे. रविवारी आम्ही येत नाही."

यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. पाहुणे दोन दिवस जेवले नाहीत, मग एकदम इतकं जेवले की ओकले, अर्थात धुतलेल्या कपड्यांवर. दिवसा आता घरात कुणी झोपलेलं नसतं, कुणी जागंही नसतं, त्यामुळे ते मनसोक्त भुंकतात. म्हातारबुवा म्हणतात, "कुत्र्यांशी माझं नोकरीपासूनचं वैर आहे. तो आतून भुंकतो, मी बाहेरून त्याला उत्तर देतो. दुपार बरी जाते." वर्तमानपत्र वाचायला घेतलं की तो अजून मशीनच्या मागे पळतो. मी आता वर्तमानपत्र गुंडाळी न करता, दोन्ही हातांत पसरून धरून, त्याला दाखवत दाखवत वाचते. तरी पळतो. ते माझ्यामुळे आहे आणि ते जायला किती दिवस लागतील कोण जाणे.

आम्हा दोघांचंही तसंच आहे. संध्याकाळी दोन जागी माणसं एका घरात काय करतात, ते आम्हाला नीट येत नाही. एकमेकांच्या वाटेत येतो. दोघंही एकाच वेळी तोंड धुवायला जातो. मी थकलेली असते, हेही थकलेले असतात, आणि थकव्यात बोलायचं तरी काय? ह्यांना दिवसा जागं राहायची सवय नाही, म्हणून चेहरा सदा झोपाळू. पाहिलं की मला भरून येतं आणि थोडा रागही येतो.

परवा दिवेलागणीला, हे पूर्वी निघायचे त्या वेळेला, पाहुणे उठून दाराशी गेले. ह्यांच्याकडे बघून भुंकले. हे सोफ्यावर बसले होते, हलले नाहीत. पाहुणे परत भुंकले, मग ह्यांच्या बुटांपाशी जाऊन भुंकले, मग दाराकडे बघून.

"हा मला हाकलतोय का?" ह्यांनी विचारलं.

"त्याला सवय आहे. या वेळेला तुम्ही जाता."

मग हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि तुला?"

मी खिडकीशी होते. खुर्ची मी कधी तिथे ओढली होती ते मलाही कळलं नव्हतं. खोटं बोलणं सोपं होतं, पण आता या घरात खोटं बोलायचं तरी मोठ्यानं बोलावं लागलं असतं.

"मलाही आहे," मी म्हटलं. "मी भुंकत नाही, एवढंच."

"भुंकायला हवं होतंस," हे म्हणाले. "पहिल्याच वर्षी."

मला रडू आलं, आणि मी उशीत तोंड न खुपसता मोठ्यानं रडले. हे उठले. मला वाटलं माझ्याकडे येतायत, पण ह्यांनी आधी दाराशी जाऊन बूट उचलले, पाहुण्यांना दिसतील असे कपाटात ठेवले, आणि मग माझ्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून बसले. खुर्ची फरशीवर करकर वाजली. पाहुणे तिच्यावरही भुंकले.